कोंडोट्टीचें ऋण

अकोले तालुका म्हणजे प्रवरेच्या माहेरचा मुलूख. रतनगडाच्या कुशींत ही नदी उगम पावते, भंडारदऱ्याच्या धरणांत विसावते, रंध्यापाशीं कड्यावरून उडी घेते आणि अकोल्यास अगस्ति ऋषींच्या आश्रमावरून पुढें देशावर उतरते. एका अंगास कळसूबाईचें १६४६ मीटर उंचीचें शिखर, दुसऱ्या अंगास हरिश्चंद्रगडाचा अजस्र पहाड, आणि या दोहोंच्या मध्यें भाताचीं खाचरें, डोंगरी वाड्या व जुनीं पाषाणी देवळें. अशा मुलखांत हिंडणाऱ्यास सह्याद्रीच्या कोणत्याही गांवीं दिसावी तशी एक वस्तु हटकून दिसते. देवळाच्या आवारांत किंवा गांवाच्या वेशीशीं शेंदूर फासलेला एक उभा दगड असतो. कोणी त्याला देव म्हणतात, कोणी बाबा म्हणतात. तो असतो वीरगळ. त्याच्या खालच्या चौकटींत एक पुरुष लढतां लढतां पडलेला, मधल्या चौकटींत अप्सरा त्याला वर नेत आहेत, आणि सर्वांत वरतीं तो शिवलिंगाची पूजा करीत बसलेला. माथ्यावर सूर्यचंद्र कोरलेले असतात. ते आकाशांत आहेत तोंवर ही स्मृति राहो, हा त्यांचा अर्थ.

कित्येक वीरगळांवर गाईही कोरलेल्या आढळतात. परचक्र आलें, गांवचें गोधन हांकून नेऊं लागलें, तें सोडविण्यास जो धांवला व धारातीर्थीं पडला, त्याचा तो दगड. म्हणजे हीं रणवीरांचीं स्मारकें तर खरींच. पण दुसऱ्याचें वांचवितांना ज्यानें आपलें गमावलें अशा रक्षकांचींही तीं स्मारकें होत. अक्षर न येणाऱ्या गांवानेंही हा उपकार दगडावर लिहून ठेविला, ही आपल्या लोकांची कृतज्ञता खरोखर वाखाणण्यासारखी आहे. मात्र येथें एक प्रश्न मनांत उभा राहतो. वीरगळ उभा राहतो तो मेलेल्या रक्षकाचा. जो दुसऱ्यास वांचवून सुखरूप घरीं परतला, अंगावरचा चिखल धुऊन जो दुसऱ्या दिवशीं आपल्या कामास लागला, त्याचें स्मारक कसें करावयाचें? त्याचें ऋण कोणीं व कशानें फेडावयाचें?

हा प्रश्न आजच्या युगांत विमानाच्या अपघातांनीं फार तीव्रपणें पुढें आणिला आहे. विमान कोठें पडेल याचा नेम नाहीं. ज्या गांवाचा त्या प्रवाशांशीं कसलाही संबंध नाहीं, ज्यांची भाषा वेगळी, धर्म वेगळा, अशा गांवावर तें अकस्मात् येऊन पडतें, आणि एका क्षणांत त्या गांवाची परीक्षा सुरू होते.

आपल्या शेजारचेंच उदाहरण घ्या. हरिश्चंद्रगडाची धार ओलांडून दक्षिणेस उतरलें म्हणजे जुन्नर तालुका लागतो. या तालुक्यांतील दवंड्याच्या डोंगरावर ता. ७ जुलै १९६२ रोजीं, मध्यरात्र नुकतीच उलटली असतां, आलितालिया या इटालियन कंपनीचें डी. सी. ८ जातीचें विमान आदळलें. सिडनीहून निघून डार्विन, सिंगापूर, बँकॉक असे टप्पे घेत तें मुंबईस उतरावयाचें होतें व तेथून कराची-तेहरानवरून रोमला जावयाचें होतें. आपण मुंबईच्या अगदीं जवळ आलों, अशी वैमानिकाची चुकीची समजूत झाली. सह्याद्रीची रांग अद्यापि ओलांडावयाची आहे हें ध्यानीं न येतां विमान अंधारांत खालीं आणिलें गेलें. आणि सुमारें ३६०० फूट उंचीवर, डोंगराचा माथा अवघा कांहीं फूट वर राहिला असतां, घात झाला. विमानांत ९४ माणसें होतीं. त्यांतलें एकही वांचलें नाहीं. आषाढांतल्या त्या डोंगरांची स्थिति अकोले-जुन्नरच्या माणसास सांगावयास नको. धुकें असें उतरतें कीं हाताला हात दिसत नाहीं. कातळ शेवाळानें निसरडा होतो. आणि ओढा ओलांडून गेलेला मनुष्य त्याच वाटेनें परत येईल याची शाश्वति नसते. पण जेथें वांचविण्यास कोणी उरलेंच नाहीं, तेथें वांचविणाराही इतिहासांत येत नाहीं. त्या डोंगरानें माणसाला संधीच दिली नाहीं.

पुढल्याच वर्षीं, २८ जुलै १९६३ रोजीं, संयुक्त अरब विमान कंपनीचें एक कॉमेट विमान मुंबईस उतरण्याच्या बेतांत असतां मढ बेटाच्या बाजूस समुद्रांत कोसळलें व त्यांतलीं सर्व ६३ माणसें गेलीं. त्यांत ग्रीसमधील मॅरेथॉन येथें भरणाऱ्या अकराव्या जागतिक बालवीर मेळाव्यास निघालेलें फिलिपाईन्सचें २४ जणांचें पथक होतें. त्या देशानें या मुलांची आठवण मोठ्या हृद्य रीतीनें ठेविली आहे. मनिलाजवळच्या केझॉन शहरांत एका चौकांत बालवीरांचें स्मारक आहे, आणि भोंवतालच्या रस्त्यांस ‘स्काउट’ हें बिरुद लावून त्या मुलांचीं एकेकाचीं नांवें दिलेलीं आहेत. टपालाच्या पत्त्यावर, दुकानाच्या पाटीवर, रिक्षावाल्याच्या तोंडीं तीं नांवें रोज येतात. आपल्या समुद्रानें गिळलेलीं मुलें अशा रीतीनें आपल्या गांवच्या रस्त्यांवर नांदतात.

तिसरें उदाहरण आयर्लंडचें. २३ जून १९८५ रोजीं एअर इंडियाचें ‘कनिष्क’ विमान माँट्रियलहून लंडनमार्गे दिल्ली व मुंबईस येण्यास निघालें असतां, सामानांत लपविलेल्या बाँबच्या स्फोटानें आयर्लंडच्या नैर्ऋत्येस अटलांटिक महासागरावर फुटलें. ३२९ माणसें प्राणांस मुकलीं. त्यांपैकीं अवघीं १३१ प्रेतें हातीं लागलीं. वांचविण्यास येथेंही कोणी नव्हतें. पण आयरिश आरमाराचे खलाशी, व्यापारी गलबतांवरील नावाडी व ब्रिटिश हेलिकॉप्टरांवरील लोक यांनीं लाटांतून एकेक देह उचलून आणिला, आणि कॉर्क शहरच्या परिचारिकांनीं दूरदेशाहून आलेल्या आप्तांचें दुःख आपलेंच मानलें. तेथील समुद्रकांठीं अहाकिस्ता नांवाचें एक लहानसें खेडें आहे. अपघाताच्या पहिल्या वर्षदिनीं, १९८६ सालीं, तेथें एक सूर्यघटिका व मृतांच्या नांवांची भिंत असलेली बाग अर्पण करण्यांत आली. तेव्हांपासून दर वर्षीं त्याच सकाळीं, त्याच वेळेला, गांव तेथें जमून स्तब्ध उभें राहतें. २०२५ सालीं हा चाळिसावा स्मृतिदिन झाला. ज्यांना कधीं पाहिलें नाहीं त्यांचें श्राद्ध परक्यांनीं चाळीस वर्षें अखंड चालवावें, यापरतें दुसरें बंधुत्व कोणतें?

परंतु या तिन्ही ठिकाणीं स्मारक झालें तें मृतांचें. जिवंत रक्षकाच्या ऋणाचा प्रश्न ज्या गांवीं खऱ्या अर्थानें उभा राहिला, तें गांव आपल्याच देशांत, पश्चिम किनाऱ्याच्या दक्षिण टोकाकडे आहे. आणि त्या घटनेच्या मध्यभागीं एक मराठी मनुष्यही आहे. तिकडे आतां वळूं.

कोळिकोडहून पालक्काडकडे जाणाऱ्या राजमार्गावर सुमारें पंचवीस किलोमीटर गेलें म्हणजे केरळांतील मलप्पुरम् जिल्ह्यांतलें कोंडोट्टी हें गांव लागतें. कोंकणांतल्या माणसास येथें परकें वाटावयाचें नाहीं. तीच नारळी-पोफळीची दाटी, तोच मृगापासून कोसळणारा पाऊस, आणि तोच तांबडा जांभा दगड. या दगडाला आज भूगर्भशास्त्रांत जें ‘लॅटराइट’ हें नांव आहे, तें फ्रान्सिस बुकानन या प्रवाशानें १८०७ सालीं दिलें, आणि ज्या दगडावरून दिलें तो याच जिल्ह्यांतील अंगाडिप्पुरम् येथला. वस्ती मुख्यत्वें मापिळा मुसलमानांची. मोयिनकुट्टि वैद्यर हा मापिळांचा मोठा कवि एकोणिसाव्या शतकांत याच गांवीं जन्मला. त्याच्या नांवानें येथें मापिळा कलांची एक संस्थाही आहे. या लोकांचें जुनें साहित्य मल्याळम् भाषेंत पण अरबी वळणाच्या लिपींत लिहिलेलें आहे. आपल्याकडे मोडींत लिहिलेल्या कागदांचें जसें आपणांस कौतुक, तसेंच त्यांना त्याचें.

या भागांतील घराघरांतून कोणी ना कोणी दुबई, शारजा, दोहा, जेद्दा अशा ठिकाणीं चाकरीस गेलेला असतो. पूर्वीं कोंकणांतील घरें जशीं मुंबईच्या मनीऑर्डरीवर उभीं होतीं, तशीं येथलीं घरें आखाताच्या पैशावर उभीं आहेत. त्यामुळें १९८८ सालीं कोंडोट्टीस लागून असलेल्या करीपूर येथें विमानतळ झाला, तेव्हां तो या लोकांच्या संसाराचाच एक भाग होऊन बसला. येथें सपाट जागा नाहीं. डोंगराचा माथा छाटून त्यावर धांवपट्टी केलेली आहे. दोन्ही टोकांस खोल उतार. टेबलाच्या फळीवर गोटी घरंगळत नेली तर कड संपतांच ती जशी खालीं जाईल, तशी येथें विमानाची स्थिति. उतरावयाचें तें नेमक्या जागीं उतरून वेळेवर थांबलें पाहिजे.

७ ऑगस्ट २०२० चा दिवस. करोनाच्या सांथीमुळें नेहमींचीं विमानें बंद होतीं. परदेशांत अडकलेल्यांना परत आणण्यासाठीं सरकारनें ‘वंदे भारत’ या नांवानें खास विमानें सोडलीं होतीं. त्यांतलें एअर इंडिया एक्स्प्रेसचें एक बोइंग ७३७ विमान दुबईहून करीपुरास येत होतें. नोकरी गेलेले कामगार, बाळंतपणासाठीं माहेरीं निघालेल्या बायका, तान्हीं मुलें, अशीं विमानांत प्रवासी व कर्मचारी मिळून १९० माणसें. मुसळधार पाऊस लागला होता. पहिल्या खेपेस उतरणें जमलें नाहीं व विमान पुन्हां वर घेण्यांत आलें. दुसऱ्या खेपेस विरुद्ध दिशेनें उतरण्याचें ठरलें. त्या दिशेनें वारा पाठीमागून ढकलीत होता. धांवपट्टीची लांबी ८८५८ फूट. विमानाचीं चाकें टेकलीं तीं ४४३८ फुटांवर, म्हणजे निम्मी पट्टी मागें पडल्यावर. सायंकाळीं पावणेआठाच्या सुमारास तें टोकावरून पुढें गेलें, सुमारें ११० फूट खालीं कोसळलें आणि त्याचे तीन तुकडे झाले. दोन्ही वैमानिक व १९ प्रवासी अशीं २१ माणसें दगावलीं. सुदैव एवढेंच कीं आग लागली नाहीं.

आवाज ऐकून उतारावरच्या वस्तींतील लोक धांवले. आतां त्या रात्रीची कल्पना करावी. अंधार, पाऊस, पसरलेलें इंधन, केव्हां पेट घेईल याची भीति. याहून मोठी भीति सांथीची. कोंडोट्टीचा भाग त्या वेळीं प्रतिबंधित क्षेत्र म्हणून जाहीर झालेला होता. घराबाहेर पडण्यासच मनाई होती. आणि विमान तर परदेशाहून आलेलें. त्या काळांत सख्ख्या भावाच्या प्रेताला खांदा देण्यास माणसें कचरत होतीं, हें आपण सर्वांनीं पाहिलेलें आहे. असें असूनही या माणसांनीं तुटलेल्या विमानांत शिरून, खुर्च्यांच्या सांपळ्यांतून जखमी मनुष्यें ओढून काढलीं. रुग्णवाहिका पुरेशा येईपर्यंत थांबले नाहींत. स्वतःच्या मोटारींत, रिक्षांत, मिळेल त्या गाडींत घालून कोंडोट्टी, मलप्पुरम्, कोळिकोड येथल्या रुग्णालयांत पोंचविलीं. आईबापांपासून ताटातूट झालेलीं लेंकरें अनोळखी माणसांनीं छातीशीं धरून ठेविलीं आणि त्यांचीं छायाचित्रें सर्वत्र धाडून त्यांचीं माणसें शोधून काढलीं. त्याच रात्रीं रुग्णालयांच्या दारांशीं रक्त देण्यासाठीं तरुणांच्या रांगा लागल्या. कांहीं तासांच्या आंत विमान रिकामें झालें होतें.

मग जें व्हावयाचें तेंच झालें. एका मृत प्रवाशाला करोनाची बाधा असल्याचें तपासणींत निघालें, आणि त्या रात्रीं धांवलेल्या सर्वांना घरांत विलग होऊन राहावें लागलें. मदतकार्यावर देखरेख केलेले जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षक यांनाही पुढल्याच आठवड्यांत या रोगानें गांठलें. रोजावर पोट असणाऱ्या मनुष्यास चौदा दिवस घरीं बसणें म्हणजे काय, हें निराळें सांगावयास नको. पण आपण धांवलों तें चुकलें, असा सूर त्या गांवांतून निघाला नाहीं.

या विमानाचे मुख्य वैमानिक होते कॅप्टन दीपक वसंत साठे, आणि त्यांचे साहाय्यक अखिलेश कुमार. साठे हे मूळचे नागपूरच्या एका लष्करी परंपरेच्या कुटुंबांतले. खडकवासल्याच्या प्रबोधिनींत शिक्षण, पुढें हवाई दलाच्या अकादमींत मानाची तलवार, २००३ पर्यंत हवाई दलांत नोकरी, त्यानंतर प्रवासी विमानें. मृत्युसमयीं वय ५९. नागपुरास त्यांचीं वृद्ध आईवडील होतीं. या बातमीनें महाराष्ट्रांतील घराघरांत हळहळ झाली, आणि हळहळीबरोबर एक कथाही पसरली: आग लागूं नये म्हणून साठ्यांनीं विमान घिरट्या घालून इंधन संपविलें, जाणूनबुजून इंजिन बंद केलें, व स्वतः मरून प्रवाशांना वांचविलें. ज्यानें त्यानें ती कथा डोळे पुसत पुढें धाडली.

पुढें २०२१ सालीं सरकारी चौकशीचा अहवाल बाहेर पडला. त्यांतलें चित्र या कथेशीं जुळत नाहीं. विमान स्थिरपणें खालीं येत नव्हतें. ठरल्या जागेच्या फार पुढें तें टेकलें. साहाय्यक वैमानिकानें ‘पुन्हां वर घ्या’ असें सांगूनही उतरणें सोडून दिलें गेलें नाहीं. अशा प्रकारें नियत पद्धति न पाळणें हेंच संभाव्य कारण, असा त्याचा निष्कर्ष. त्याचबरोबर अहवालानें दुसऱ्याही गोष्टी सांगितल्या आहेत. मुख्य वैमानिकाच्या समोरचा कांच पुसण्याचा यांत्रिक हात पहिल्या खेपेसच २७ सेकंद चालून बंद पडला होता. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याच तळावरून निघणाऱ्या विमानाचीही जबाबदारी त्यांच्यावर होती, आणि तेथें पुरेसे मुख्य वैमानिक ठेवलेले नव्हते. त्यामुळें कसेंही करून तेथेंच उतरण्याची ओढ त्यांच्या मनावर असावी. व्यवस्थेंतील दोषही कारणांत मोडतात, असें अहवाल म्हणतो.

आतां आपण काय करावें? कथेला घट्ट धरून अहवालाकडे पाठ फिरवावी, कीं अहवाल हातीं घेऊन त्या मनुष्याची चाळीस वर्षांची निष्ठा पुसून टाकावी? आम्हांस वाटतें, दोन्ही मार्ग सारखेच अन्यायाचे आहेत. आपल्या घरांतही असे प्रसंग येतात. घराला कर्तेपणानें सांभाळणाऱ्या वडिलांच्या हातून एकादा व्यवहार चुकतो व त्याची झळ सर्वांना लागते. शहाणें कुटुंब ती चूक झांकून ठेवीत नाहीं, कारण झांकली तर पुढची पिढी तीच पुन्हां करील. आणि ती चूक सांगतांना वडिलांचें पाणी लावलेलें नांवही गाळीत नाहीं. श्राद्धाच्या दिवशीं आपण पितरांचें नांवगोत्र उच्चारतों, गुणदोषांचा हिशेब मांडीत नाहीं. पण वहीखात्यांत मात्र आंकडा खराच लिहितों. विमानविद्येंत तर खरा आंकडा लिहिणें हेंच मृतांचें खरें तर्पण होय. प्रत्येक अपघाताची निर्भीड चौकशी झाली म्हणूनच आजचा विमानप्रवास १९६२ च्या मानानें पुष्कळ निर्धास्त झालेला आहे.

या अपघाताच्या स्मृतींतील पुढचा अध्याय आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. २०२२ सालीं, दुसऱ्या वर्षदिनीं, वांचलेले प्रवासी व मृतांचे आप्त पुन्हां एकत्र आले. त्यांतले कित्येक अजून कुबड्या घेऊन चालत होते. कित्येकांच्या शस्त्रक्रिया संपावयाच्या होत्या. आपणांस मिळालेल्या नुकसानभरपाईंतून कांहीं भाग बाजूस काढून पन्नास लाख रुपये उभे करावयाचे, आणि ज्या वस्तीनें आपणांस वांचविलें तिच्यासाठीं अपघातस्थळाजवळील चिरयिल येथील सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रास इमारत बांधून द्यावयाची, असा संकल्प त्यांनीं जाहीर केला.

या संकल्पाची योग्यता नीट ध्यानीं घेतली पाहिजे. पुतळा उभारतां आला असता. संगमरवरी पाटीवर नांवें कोरतां आलीं असतीं. पण त्या रात्रीं धांवलेल्यांचीं नांवें कोणीं लिहून घेतलीं होतीं? शेंकडों हात होते. कोणता हात कोणाचा, हें अंधारांत कोणास ठाऊक? अशा अनाम उपकारकर्त्यांचें ऋण पाटीनें फिटत नाहीं. त्यांच्या मुलांना ताप आला असतां, त्यांच्या घरची म्हातारी आजारी पडली असतां, जें छप्पर उपयोगीं पडेल, तेंच त्यांचें स्मारक. शिवाय त्या रात्रीं जवळ कशाची उणीव भासली असेल तर ती सुसज्ज उपचाराचीच. ज्याची उणीव होती तेंच त्या जागीं उभें करावयाचें, याहून औचित्य तें कोणतें?

आपल्या परंपरेला ही कल्पना नवी नाहीं. देवऋण, ऋषिऋण व पितृऋण हीं तीन ऋणें आपण लहानपणापासून ऐकत आलों. पण शतपथ ब्राह्मणांत चौथें मनुष्यऋणही सांगितलें आहे, आणि माणसांना आश्रय व अन्न देऊन तें फेडावें असें म्हटलें आहे. त्याचप्रमाणें यज्ञयागादि कर्मांस ‘इष्ट’ व विहीर, तळें, धर्मशाळा अशा लोकोपयोगी कर्मांस ‘पूर्त’ म्हणून दोहोंची जोडी आपल्या शास्त्रकारांनीं घातली. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें तर आपल्या दानखंडांत आरोग्यशाळेच्या दानाचाही विचार केला आहे. आश्चर्य हें कीं ज्या काळांत आपल्या मुलखांत गांवोगांव वीरगळ उभे राहत होते, त्याच काळांत हेमाद्रि आरोग्यशाळेचें पुण्य लिहीत होता. मेलेल्या रक्षकाला दगड आणि जिवंतांच्या उपयोगासाठीं दवाखाना, हे दोन्ही मार्ग आपल्याच घरांतले. आखातांतून परतलेल्या मापिळा कुटुंबांनीं हेमाद्रीचें नांवही ऐकलें नसेल. पण सज्जनांचें अंतःकरण शास्त्र न वाचतांही शास्त्राप्रमाणेंच चालतें.

या कथेला आणखी एक पदर आहे, तो सहसा कोणी सांगत नाहीं. अपघातानंतर मोठ्या विमानांचें येथें उतरणें बंद झालें. धांवपट्टीच्या टोकापलीकडचा सुरक्षित पट्टा वाढविल्याशिवाय विमानतळाला पूर्वींचें वैभव येणें कठीण होतें, आणि पट्टा वाढवावयाचा तर जमीन हवी. २०२३ सालीं ही जमीन सरकारनें ताब्यांत घेतली ती पळ्ळिक्कल व नेडियिरुप्पु या लगतच्याच गांवांतून. कांहीं कुटुंबांना आपलीं राहतीं घरें सोडावीं लागलीं. मोबदला मिळाला तरी अंगणांतला माड व घरामागची विहीर मोबदल्यानें परत येत नाहीं. ज्या परिसरानें एका रात्रीं परक्यांना वांचविलें, त्याच परिसरानें पुढें येणाऱ्या परक्यांच्या सुरक्षिततेसाठीं आपली भूमिही सोडली. वांचविणें हें एका रात्रीचें कृत्य नव्हे. त्याची किंमत पुढें वर्षानुवर्षें कोणी तरी देत असतें. रक्षकांचें स्मरण करतांना हेंही स्मरलें पाहिजे.

आपल्या अकोल्याच्या डोंगरांकडे आतां याच दृष्टीनें पाहावें. पावसाळा लागला कीं पुण्या-मुंबईचे शेंकडों तरुण हरिश्चंद्रगड, रतनगड, कळसूबाईकडे धांवतात. कोणी वाट चुकतो, कोणाचा पाय घसरतो, कोणी कड्याच्या पोटांत अडकून राहतो. अशा वेळीं हातीं दोर व बॅटरी घेऊन पहिल्यानें जो निघतो तो बहुधा जवळच्या वाडींतलाच मनुष्य असतो. भाताची लावणी टाकून तो येतो, पाठुंगळीस मारून जखमीस खालीं आणितो, आणि आभार ऐकण्याआधीं परत शेताकडे वळतो. त्याच्या वाडींत दवाखाना आहे काय, त्याच्या मुलाला शाळेस जाण्यास रस्ता आहे काय, हें वांचलेल्याच्या घरच्यांनीं कितीदां विचारलें असेल?

घरांतला मुलगा डोंगर उतरून सुखरूप परत आला कीं आई देवापुढें साखर ठेवते, व तें योग्यच आहे. त्याबरोबर एक पोस्टकार्ड त्या वाडीच्या नांवानेंही जावें. आणि सवड होईल तेव्हां घरांतल्या चारपांच जणांनीं मिळून तेथल्या आरोग्य केंद्राला खाट, शाळेला कपाट, वाडीला एकादी शिडी व मजबूत दोर देऊन यावें. रक्कम लहान असली तरी हरकत नाहीं. कोंडोट्टीच्या रुग्णांनीं कुबड्या टेंकीत टेंकीत जें ऋण मान्य केलें, तें दोन्ही पायांवर धड उभ्या असलेल्या आपणांस मान्य करणें जड जाऊं नये.